शिंग नसलेला गेंडा

सफारीहून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न काय विचारतात? "दिसला का?" कोण, ते सांगावं लागत नाही. महाराष्ट्रात असाल तर वाघ, आफ्रिकेत असाल तर सिंह. आणि "नाही" म्हटलं की समोरच्याचा चेहरा असा होतो, की जणू तुमचा व्हिसा रिजेक्ट झालाय. "अरेरे... मग पैसे वाया गेले की!"

या "पैसे वाया गेले"बद्दलच आज लिहायचंय. बरेच दिवस डोक्यात आहे, पण वीकेंडला कधी धुणं, कधी रिलीज. असो.

तर झालं असं की २०२४ साली मी सहा महिने डर्बनला ऑनसाइट होतो. (हो, डर्बन. लोकांना न्यू जर्सी मिळतं, आम्हाला डर्बन मिळालं. तक्रार नाही, समुद्र चालत दहा मिनिटांवर होता.) ९ ऑगस्टला दक्षिण आफ्रिकेत महिला दिनाची सुट्टी असते, त्या वर्षी ती शुक्रवारी आली, म्हणजे सलग तीन दिवस. हापिसातले आम्ही तिघे देशी. मी, पुण्याचा एक डीबीए आणि नागपूरची टेस्टर. डीबीएला झोपायचं होतं, टेस्टरला जंगल बघायचं होतं आणि मला उसना मिळालेला ४०० एमएमचा लेन्स वापरायचा होता. ठरलं मग.

डर्बनपासून उत्तरेला साधारण पावणेतीनशे किलोमीटरवर ह्लुह्लुवे-इम्फोलोझी नावाचं पार्क आहे. स्पेलिंगवर जाऊ नका, तिकडचे लोक पहिला शब्द जवळजवळ "श्लुश्लुवे" असा म्हणतात. एन-टू हायवेने तीन तास. आमची तिथली टीमलीड डर्बनचीच, मूळची तमिळ. तिचे पूर्वज चार पिढ्यांपूर्वी उसाच्या मळ्यात मजूर म्हणून आलेले. तिला विचारलं, काही टिप्स? ती म्हणाली, "गेटमधून आत शिरायच्या आधी बाथरूमला जाऊन या, आणि रिव्हर्स गिअर कुठे पडतो त्याची प्रॅक्टिस करून ठेवा." आम्ही हसलो. ती हसली नव्हती, हे नंतर लक्षात आलं.

पहाटे चारला निघालो. शहर संपलं की दोन्ही बाजूंना ऊस. आणि उजाडायच्या सुमाराला मला ओळखीचा वास आला. मी सांगलीकडचा, जळालेल्या पाचटाचा वास झोपेतही ओळखीन. तिकडे तोडणीच्या आधी उभ्या फडालाच आग लावतात, पाला जळून जातो आणि मग ऊस तोडतात. १८६० पासून हिंदुस्थानातून गिरमिटिये आणले ते याच उसासाठी. डीबीए मागच्या सीटवर घोरत होता म्हणून ही सगळी माहिती टेस्टरला ऐकावी लागली. पुढे ऊस संपून निलगिरीची लागवड सुरू होते, मैलोन् मैल, एका रांगेत. म्टुबाटुबाजवळ हायवे सोडला की झुलू वस्त्या, रस्त्यावर गाई, शेळ्या आणि मग एकदम गेट. इतकं अचानक, की "जंगल कुठे सुरू झालं?" असं वाटावं.

आणि गेटवर मला पहिला धक्का बसला. धक्का म्हणजे, काहीच झालं नाही. पैसे भरले, फॉर्मवर सही केली, नकाशा मिळाला, बस्स. जिप्सी नाही, गाइड नाही. आपली भाड्याची छोटी हॅचबॅक घेऊन सरळ आत. नियम मोजके. ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही, ४० च्या वर जायचं नाही, आणि हिवाळ्यात संध्याकाळी सहाच्या आत बाहेर पडायचं. सकाळची सफारी, दुपारची सफारी असली भानगडच नाही. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत दिवस तुमचा.

मी काय केलं असेल? पहिले दोन तास मी ही गाडी जिप्सीसारखीच चालवली. म्हणजे वेग चाळीसच, पण मनात घाई. नकाशावर बोट ठेवून, "हा लूप संपवू, मग तो लूप, मग नदी." इम्पाला दिसले की "इम्पाला, चला पुढे." झेब्रे दिसले की फोटो आणि चला पुढे. अकरापर्यंत आम्ही जवळजवळ पन्नास किलोमीटर फिरलो होतो आणि मला आठवतंय ते मुख्यतः डांबर. शेवटी टेस्टर वैतागली. "तू जंगल पाहून राहिला की इन्स्पेक्शनला आला आहेस? थांब ना कुठं तरी."

मग एका वळणावर इंजिन बंद करून थांबलो. पाच मिनिटं काहीच नाही. नंतर एकेक गोष्ट "लोड" व्हायला लागली. ज्या झुडपाला मी झुडूप समजत होतो त्यात एक न्याला मादी उभी होती, विटकरी रंगाची, अंगावर पांढरे पट्टे, चक्क आमच्याकडे बघत. तिच्या मागे अजून दोन. मग एक वॉर्टहॉग आलं आणि पुढचे पाय दुमडून, गुडघ्यांवर चालल्यासारखं गवत खायला लागलं. (ही त्यांची रोजची पद्धत आहे, मला आधी वाटलं लंगडं आहे.) डीबीए जागा झाला आणि म्हणाला, "हे दिसायला आपल्या क्लायंटसारखं आहे." पुन्हा झोपला.

टीमलीडच्या रिव्हर्स गिअरचा अर्थ दुपारी कळला. वळण घेतलं तर समोरून रस्त्याच्या बरोब्बर मधून एक सुळेवाला हत्ती येतोय, निवांत, सोसायटीच्या चेअरमनसारखा. रुंदी अशी की बाजूने जायचा प्रश्नच नाही. मी दोनशे मीटर रिव्हर्स घेतला असेल, घाम फुटलेला, आणि तो आपल्या चालीने येतोच आहे. शेवटी त्यालाच एक झाड आवडलं आणि तो रस्ता सोडून गेला. तेव्हा माझ्याजवळ ड्रायव्हर नव्हता, "भैया, और पास लो" म्हणायला कुणी नव्हतं. अंतर किती ठेवायचं ते माझं मला ठरवायचं होतं. आणि मी, सांगतो तुम्हाला, भरपूर ठेवलं.

यानंतर दिसला गेंडा. म्हणजे टेस्टरला दिसला, मला नाही. टेस्टर लोकांचं हेच असतं, आपण जे बघायला बसलोय त्याच्या शेजारचं त्यांना दिसतं. मादी होती, बरोबर पिल्लू. रस्त्यापासून तीस-चाळीस मीटरवर, डोकं जमिनीला लावून गवत कापत चाललेली. त्या कापण्याचा आवाज गाडीत येत होता, खर्र खर्र, विळ्याने गवत काढल्यासारखा. मी लेन्स लावला, फोकस केला, तिने मान वर केली... आणि शिंगच नाही! नाकावर सपाट, करवतीने कापलेलं खोडासारखं काहीतरी. मागचं छोटं शिंगही तसंच.

माझ्या तोंडून निघालं, "छ्या! फोटो वाया गेला."

टेस्टर शांतपणे म्हणाली, "मग तुझ्या फोटोसाठी शिंग ठेवून मरू द्यायचं का तिला?"

हे वाक्य मला अजून टोचतं, कारण मला माहीत होतं. येण्याआधी वाचलं होतं मी. तरीसुद्धा तोंडातून पहिलं आलं ते हेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हे पार्क साधंसुधं नाही. १८९५ साली ते राखीव जाहीर झालं, आफ्रिकेतल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. त्या सुमाराला दक्षिणेकडचा पांढरा गेंडा जगात शंभराच्याही आत उरला होता, आणि तो याच भागात. पुढचा इतिहासही काही गोड नाही. गुरांना नगाना नावाचा रोग व्हायचा, तो त्सेत्से माशीमुळे पसरतो आणि माशी जगते रानटी जनावरांवर, म्हणून इथली हजारो जनावरं सरकारी हुकमाने मारली गेली. गेंडे त्यातून वाचले. १९६० च्या दशकात इयन प्लेयर नावाचा अधिकारी (गोल्फवाल्या गॅरी प्लेयरचा थोरला भाऊ), त्याचे झुलू सहकारी माग्कुबू न्तोम्बेला आणि त्यांच्या लोकांनी गेंड्यांना भुलीचं औषध टोचून, ट्रकमध्ये घालून दुसरीकडे पोहोचवायला सुरुवात केली. ऑपरेशन ऱ्हायनो. क्रूगरमध्ये गेंडे पुन्हा दिसायला लागले ते त्यातून. आज दक्षिणेकडचा पांढरा गेंडा तुम्ही जगात कुठेही बघा, प्राणिसंग्रहालयात बघा नाहीतर नामिबियात, त्याचं मूळ गाव हेच.

आमच्या भाषेत सांगायचं तर अख्ख्या जातीचा एकच बॅकअप उरला होता, आणि तो या सर्व्हरवर होता.

आणि तिथेच शिकारी घुसले. २०२३ साली दक्षिण आफ्रिकेत ४९९ गेंडे मारले गेले. त्यातले ३२५ एकट्या क्वाझुलु-नाताल प्रांतात, आणि त्यातले बहुतेक याच पार्कमध्ये. म्हणजे जिथून सगळे वाचवले, तिथेच जवळपास रोज एक. मग २०२४ च्या एप्रिलपासून पार्कने शिंगं कापायला सुरुवात केली. हेलिकॉप्टरमधून भुलीचा डार्ट मारतात, डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे, आणि मुळाशी जिवंत भाग सोडून वरचं शिंग करवतीने उतरवतात. शिंग म्हणजे आपल्या नखांसारखंच केराटिन, त्यामुळे दुखत नाही आणि पुन्हा वाढतं. वाढतं म्हणूनच दीड-दोन वर्षांनी पुन्हा सगळं करावं लागतं. खर्च, माणसं, हेलिकॉप्टर, सगळं पुन्हा.

उपयोग होतो का? २०२४ मध्ये देशातला आकडा ४२० वर आला आणि या प्रांतातला २३२ वर. आणि २०२५ च्या जूनमध्ये 'सायन्स'मध्ये एक अभ्यास आला. क्रूगरच्या आसपासच्या अकरा अभयारण्यांचा, २०१७ ते २०२३ या काळाचा. शिंगं कापल्यावर शिकार ७८ टक्क्यांनी कमी झाली, आणि तीही एकूण बजेटच्या मानाने किरकोळ खर्चात. फुकट मात्र काही नाही. खुंटासाठीसुद्धा मारतात. काळ्या गेंड्यांबद्दल असंही दिसलंय की शिंग गेल्यावर ते कमी फिरतात, आपला इलाखा आखडता घेतात. शिंग त्याला काही शोभेसाठी दिलेलं नसतं.

म्हणजे बघा, पार्कच्या लोकांना काय माहीत नव्हतं का, की पर्यटक शिंगाचा फोटो काढायला येतो? त्यांच्या तिकिटावर, टी-शर्टवर, फ्रिजच्या मॅग्नेटवर शिंगवाला गेंडा असणार. तरी त्यांनी तो "व्ह्यू" स्वतःच्या हाताने बिघडवला. कारण गेंडा जगणं एक नंबरवर आणि माझा फोटो फार फार खाली कुठेतरी. हा अग्रक्रम मला तिथे गाडीत बसून, लेन्स मांडीवर ठेवून, थोडा लाजून कळला.

आता आपल्याकडे येऊ. इथे मला आधी माझीच गोष्ट सांगायला हवी.

२०१७ चा मे महिना, विदर्भातला एक व्याघ्र प्रकल्प. कॉलेजचे आम्ही सहा मित्र, एक जिप्सी. तीन सफाऱ्या झाल्या, वाघ नाही. चौथ्या सफारीला, आमचा परतीचा दिवस, मी ड्रायव्हरच्या कानात सांगितलं, "दिसला तर हजार वेगळे." अर्ध्या तासात आम्ही एका वाघिणीपासून इतक्या जवळ होतो की तिच्या मिश्या मोजता आल्या असत्या. बरोबर दोन मोठे बछडे. पुढे एक जिप्सी, मागे आम्ही, आमच्या मागे अजून चार-पाच. तिला रस्ता ओलांडून पाण्याकडे जायचं होतं. एकदा आली, परत फिरली. पुन्हा आली, परत फिरली. तिसऱ्या वेळी ती बसली आणि आमच्याकडे बघून तिने ओठ वर केले. मला ते दात फोटोत फार छान मिळाले. तो फोटो दोन वर्षं माझा डेस्कटॉप वॉलपेपर होता. हापिसात येणारा जाणारा म्हणायचा, "वा! काय एक्स्प्रेशन आहे!"

एक्स्प्रेशन! बाळाला तहान लागलेली आई आहे ती, आणि रस्त्यात आमचं वऱ्हाड उभं.

त्यामुळे ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात जे झालं त्याचा व्हिडिओ बघताना मी इतरांसारखा "काय हे लोक!" म्हणू शकलो नाही. आठवत असेल तुम्हाला. एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे, दोन्हीकडून जिप्स्या, आणि मधे ती अडकलेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कारवाईचा पहिला दणका बसला तो चालक आणि गाइडांना. नियम त्यांनी मोडला, कारवाई व्हायलाच हवी. पण माझं मत असं आहे की तो व्हिडिओ पुन्हा एकदा बघावा आणि ड्रायव्हर सोडून मागच्या सीटवरच्यांकडे बघावं. तिथे मी बसलोय. तुम्हीही असाल.

कारण पैसे कसे फिरतात ते बघा. जिप्सीचं भाडं ठरलेलं, गाइडची फी ठरलेली. ठरलेलं नसतं ते फक्त बक्षीस. आणि ते कशावर अवलंबून? वाघ दिसला का, किती जवळून दिसला, किती वेळ दिसला. आमच्या एका जुन्या कंपनीत टीमचं मूल्यमापन "किती तिकिटं क्लोज केली" यावर व्हायचं. मग आम्ही काय करायचो? एकाच बगची तीन तिकिटं करायची आणि तिन्ही क्लोज करायची. आकडे मस्त, सॉफ्टवेअर तसंच बोंबलतंय. मॅनेजर म्हणायचा, टीम बेइमान आहे. टीम बेइमान नव्हती हो, तुम्ही जे मोजत होता तेच ती तुम्हाला देत होती. जंगलातला ड्रायव्हरही तेच करतो. मी त्याला वाघाच्या जवळिकीवर पैसे देतो, तो मला जवळीक देतो. वरून मीच घरी येऊन लेख लिहिणार, की स्थानिक लोकांना निसर्गाची किंमत नाही!

यावर टेस्टरने तिथेच गाडीत माझ्याशी भांडण केलं होतं, ते इथे सांगितलं नाही तर ते लबाडीचं होईल. ती म्हणाली, तुला बोलायला सोपं आहे. तिच्या मावशीचं गाव बफर झोनमध्ये. तिथल्या पोरांना गाइडचं काम मिळालं म्हणून गावात रोख पैसा आला. वाघ गाय मारतो, कधी माणूस मारतो, तरी लोक वाघाला गावाबाहेर हाकलून द्या म्हणत नाहीत, कारण त्याच्यावर घरं चालतात. "पर्यटकाला वाघ दिसलाच नाही तर तो येईल का? तो गोव्याला जाईल. मग त्या पोरानं काय करायचं, पुण्याला येऊन सिक्युरिटी गार्ड व्हायचं?"

बरोबर आहे तिचं. आणि माझ्याकडे त्याचं संपूर्ण उत्तर नाही. पण ती जे सांगत होती त्यात पर्यटक यायला हवा एवढंच येतं. त्याला वाघिणीच्या मिश्या मोजता यायला हव्यात, असं येत नाही. या दोन गोष्टी आपण एकच करून टाकल्या आहेत.

दुसरा आक्षेप डीबीएचा. (जागा झाला होता तोवर.) म्हणाला, "मग आपल्याकडेही सेल्फ ड्राइव्ह सुरू करू या की!" मी नुसतं डोळ्यांसमोर आणून बघितलं. एसयूव्ही, काचेतून बाहेर आलेली मुलं, वेफर्सची पाकिटं, म्यूझिक सिस्टीम. नको रे बाबा. पण लगेच हेही सांगतो, की हा काही रक्तातला दोष नाही. त्याच दिवशी चारच्या सुमारास नदीच्या बाजूला आम्हाला सात-आठ गाड्यांचा घोळका दिसला. सगळ्या तिथल्याच. लांब गवतात सिंहीण म्हणे. एक गोरे काका सनरूफमधून अर्धे बाहेर, एक बाई पुढच्या गाडीला हॉर्न देतेय, जंगलात, हॉर्न! कुठे काय दिसलं ते फोनवर कळवणारी ॲपं तिकडेही आहेत आणि गर्दीही तशीच होते. आम्हाला सिंहीण दिसली नाही. गवतात काहीतरी हललं, ते शेपूट असावं असं डीबीएचं मत आहे.

म्हणजे माणूस सगळीकडे सारखाच. फरक मला दिसला तो वेळेत. तिथे दिवसभर थांबता येतं, त्यामुळे सकाळी सिंह हुकला तरी माझं घड्याळ टिकटिकत नव्हतं. आपल्याकडे तीन-चार तासांचा स्लॉट, दोन महिने आधी केलेलं बुकिंग, रिसॉर्टचं भाडं, एवढं सगळं डोक्यावर घेऊन माणूस जिप्सीत बसतो. गाडी सुरू होते तेव्हाच तो तोट्यात असतो, आणि वाघ दिसला तरच वसूल. अशा माणसाला झाडावरचं घुबड दाखवून बघा. मी बघितलंय. "हां हां, छान. चला पुढे."

आमचा त्या दिवशीचा सगळ्यात चांगला तास कुठे गेला सांगू? बेजाने हाइड नावाची एक जागा आहे. गाडी लावायची, कुंपणातल्या वाटेने चालत जायचं आणि पाणवठ्यासमोर लाकडी आडोशात गप बसायचं. बेजाने म्हणजे झुलूत काळा गेंडा. काळा गेंडा काही आला नाही. पाऊण तास नुसती कवडी आली, पाणी प्यायली, गेली. मग झेब्रे आले. सगळे एकदम नाही, आधी एक पुढे आला, पाण्यापाशी उभा राहिला, कान चारी दिशांना. त्याने मान खाली घालायला किती वेळ लावावा? मी घड्याळ लावलं, अकरा मिनिटं. एक घोट पाण्यासाठी अकरा मिनिटं तो विचार करत होता. मग प्यायला, आणि मग बाकीचे आले. त्या अकरा मिनिटांत कॅमेऱ्याचं शटर वाजू नये म्हणून मी हात मागे घेतला. मला तेव्हा ती पाण्यापर्यंत तीनदा येऊन फिरलेली वाघीण आठवली. वॉलपेपर मी त्या रात्री बदलला. (आता विंडोजचा डिफॉल्ट आहे, टेकडी.)

तर आता मी काय करतो ते सांगतो, पटलं तर बघा. बक्षीस गेटवरच देऊन टाकतो. आत शिरायच्या आधी, ड्रायव्हरला आणि गाइडला, जे एरवी वाघ दिसल्यावर दिलं असतं तेवढंच. आणि सांगतो, आता काहीही दिसो, यात वाढ नाही आणि कपात नाही, निवांत चला. याने जग बदलत नाही हे मलाही कळतं. वनखात्याने उद्या नियमच केला, की बक्षिसाऐवजी फीच वाढवून घ्या, तर जास्त बरं. पण तो होईपर्यंत माझ्या हातात एवढंच आहे, आणि इंजिनिअर माणसाला वर्कअराउंडची लाज वाटत नाही :-)

२०२५ च्या मे महिन्यात आई, बाबा आणि नऊ वर्षांच्या भाच्याला घेऊन पुन्हा विदर्भात गेलो. पहाटे साडेपाचला गेटवर पाकिटं दिली. गाइड पंचविशीतला पोरगा, त्याने पाकीट हातात धरून दोनदा माझ्याकडे बघितलं. "सर, आत्ताच?" म्हटलं, हो. तो म्हणाला, "म्हणजे वाघ नको का?"

मजा आली. खरंच. तासभर आम्ही रानकुत्र्यांची एक टोळी बघितली, सांबराचा भोंगा ऐकला, मोहाच्या झाडावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे गाइडने उतरून... नाही, उतरून नाही, गाडीतूनच, टॉर्चने दाखवले. आईला चातक दिसला, ती त्यावरच खूश. मग साडेआठला समोरून दोन जिप्स्या धुरळा उडवत गेल्या आणि आमच्या ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे बघितलं. भाचा उभाच राहिला. "मामा, चल ना! चल ना रे!" बाबा म्हणाले, "जाऊ दे की त्यांना, पोराला दिसेल तरी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढं सगळं डर्बनला शिकून आलेला मी... अहो, माझेही पाय शिवशिवत होते. मी म्हटलं, "चला, पण शेवटी थांबायचं, मधे घुसायचं नाही."

ड्रायव्हरने शब्द पाळला. आम्ही चौदावे होतो. पुढे तेरा जिप्स्या आणि त्यावर उभी असलेली माणसं. मला तेरा जिप्स्यांमधल्या टोप्या दिसल्या, आईला एका बाईच्या ड्रेसचं कापड आवडलं. दहा मिनिटांनी पुढच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे वाघ गेला असावा. आम्हाला पट्टासुद्धा दिसला नाही.

घरी आल्यावर संध्याकाळी गॅलरीत उभा होतो. खाली बिल्डिंगमधल्या पोरांनी भाच्याला घेरलं होतं. "दिसला का?"

"मग!" भाचा म्हणाला. "एवढा मोठा होता."